होडीच्या मागील फळीस पत्र्याचें टोपण

रत्नागिरीच्या किनाऱ्यावर, मिरकरवाड्याच्या बंदरापासून राजिवड्याच्या खाडीपर्यंत, होडी ही अनेक कुटुंबांची पोशिंदी आहे. लहान होडीचें बाहेरून लावलेलें इंजिन तिच्या मागील उभ्या फळीवर टांगलेलें असतें. कारागीर हिला ट्रान्सम असेंही म्हणतात. ही फळी आंतून कुजली तर भर समुद्रांत इंजिन सुटून पडण्याचा धोका असतो. मग होडींतील माणसें वारा व लाटा यांच्या स्वाधीन होतात. म्हणून या फळीच्या माथ्यावर पत्र्याचें टोपण कसें बसवावें, हें येथें सांगण्याचें आम्ही योजिलें आहे.

प्रथम फळी कुजते कां, तें पाहूं. लांकूड खाणाऱ्या बुरशीस ओल लागते. लांकडांतील ओल शेंकडा सुमारें २० पेक्षां कमी राहिली तर तिची वाढ होत नाहीं. फळीच्या वरच्या कडेस लांकडाचे थर व छिद्रें उघडीं असतात. पावसाचें पाणी तेथूनच आंत झिरपतें. तेव्हां टोपणाचें काम शोभेचें नसून छपराचें आहे. परंतु ओल्या फळीवर टोपण घातलें तर शत्रूस घरांत कोंडून दार लावल्यासारखें होतें. याकरितां हें काम होडी झापांनीं शाकारण्यापूर्वीं, वैशाखांतील कोरड्या दिवसांत करावें. फळीवर मोगरीनें ठोकून पाहावें. बद्द आवाज आला किंवा टोच्या सहज आंत शिरला, तर तेथील लांकूड आधीं बदलावें.

दुसरा प्रश्न धातूचा. साधें लोखंड खाऱ्या हवेंत गंजतें. तांबें व पितळ टिकाऊ खरीं, पण इंजिनाची पकड ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची असते आणि खाऱ्या पाण्यांत दोन भिन्न धातू एकत्र आले कीं त्यांपैकीं एक दुसऱ्यापायीं झिजतो. इ. स. १७६१ मध्यें ब्रिटिश आरमाराच्या ‘अलार्म’ या जहाजाच्या तळास तांब्याचे पत्रे मारले. दोन वर्षांनीं पाहतां पुष्कळ लोखंडी खिळे झिजून गेलेले आढळले; मात्र जेथें पत्रे गुंडाळून आणलेला कागद खिळा व तांबें यांच्या मध्यें राहिला होता, तेथील खिळे बरेच शाबूत होते. ही क्रिया विजेची आहे, हें पुढें १८२४ मध्यें सर हम्फ्री डेव्ही यांनीं दाखवून दिलें. यास्तव टोपण ॲल्युमिनियमचेंच करावें. स्क्रू गंजरोधक पोलादाचे घ्यावे व त्या कागदाप्रमाणें दोन धातूंमध्यें लुकणाचा पडदा ठेवावा. हें लुकण काचा बसविण्याचें नव्हे. होडीकामाचें, रबरासारखें लवचिक राहणारें हवें.

आतां कृति. जाड कागद फळीवर वांकवून नमुना कापावा. फळी ४० मिलिमीटर जाड असेल व दोन्हीं बाजूंस ३० मिलिमीटरचे पदर सोडावयाचे असतील, तर पट्टी सुमारें १०० मिलिमीटर रुंद लागेल. घडींत थोडा फरक पडतो, म्हणून प्रथम टाकाऊ तुकड्यावर घडी घालून माप ठरवावें. दीड मिलिमीटर जाडीचा पत्रा पुरे होतो. घडीची रेघ टोंकदार लोखंडानें ओढूं नये. त्या चरावरच पत्रा तडकतो. कडा किंचित गोल केलेल्या दोन सागवानी पट्ट्यांमध्यें पत्रा घट्ट आवळून लांकडी मोगरीनें या टोंकापासून त्या टोंकापर्यंत थोडा थोडा वांकवावा. एकाच जागीं जोरानें ठोकल्यास पत्रा पिळतो. जेथें फळीस खांच किंवा बांक असेल, तेथें टोपण तुकड्यांनीं करावें व घरावरील कौलांप्रमाणें वरचा तुकडा खालच्यावर चढवावा. कडा कानशीनें घासून बोथट कराव्या, नाहींतर जाळीं व हात दोन्हीं कापतील.

बसविण्यापूर्वीं फळीच्या उघड्या कडेस रंगाचे दोन-तीन हात द्यावे. तो वाळल्यावर माथ्यावर लुकण पसरून टोपण दाबावें. स्क्रू माथ्यावर कधींही मारूं नयेत. ते बाजूच्या पदरांत मारावे व प्रत्येक भोंकांत लुकण भरावें. पदरांची खालची कड मात्र बंद करूं नये. चुकून आंत शिरलेल्या पाण्यास तेवढीच वाट असते. इंजिनाची पकड आवळते तेथें पातळ पदर आणूं नये. त्या जागीं स्वतंत्र जाड पट्टी द्यावी.

एवढें झालें तरी काम संपलें असें समजूं नये. टोपणाखालचें लांकूड डोळ्यांस दिसत नाहीं; म्हणून दर वर्षीं एखादा स्क्रू काढून पाहावा. तो कोरडा निघाला व भोंकांतून निघालेला भुसा टणक असला, तर फळी शाबूत आहे असें समजावें. तो ओला निघाल्यास टोपण उचलावें व फळी तपासावी. चकचकीत पत्रा पाहून निश्चिंत राहणारापेक्षां असा एक स्क्रू काढून पाहणारा नाखवा अधिक शहाणा होय.