खालच्या तारेचा नाद

संपादकांनी सांगितलं होतं नवरात्रीच्या अंकासाठी गरब्याच्या ऑर्केस्ट्रांवर लिहायला. बडोद्यात या विषयाला तोटा नाही. फतेगंजातल्या एका तालमीला जाऊन बसलो, आणि बेसवाल्याच्या हातातल्या गिटारला चाराऐवजी सहा तारा दिसल्या. तिथून पुढे गायिका, ढोल, शहनाईचा आवाज काढणारा कीबोर्ड, सगळे माझ्या वहीतून एकेक करत गळाले. गरब्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत, माझ्यावाचून अडणार नाही.

फतेगंज हा तसा बडोद्यातला थोडा परका भाग. मांडवी, रावपुऱ्यातून आलेल्या माणसाला इथे रस्ते रुंद आणि झाडं जास्त वाटतात. जुनी छावणी इथली, लष्कराची ईएमई शाळा इथली, तिच्या आवारातलं अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यांनी मढवलेलं दक्षिणामूर्तीचं देऊळही इथलंच. चर्च आहेत, युनिव्हर्सिटीची पोरं आहेत आणि त्या पोरांना रात्री उशिरापर्यंत खायला घालणाऱ्या गाड्या आहेत. या शहरात गिटार शिकायची तर पोरगं इकडेच फिरकणार.

आमचा बेसवाला मूळचा दांडिया बाजारातल्या मराठी घरातला. दिवसा एका कंपनीत यंत्रांची ड्रॉइंग करतो, आणि वाजवायला मोकळीक हवी म्हणून फतेगंजात एका बंगल्याच्या मागची खोली भाड्याने घेऊन राहतो. त्याचं नाव छापायचं नाही ही त्याची एकच अट. घरमालकीणबाईंची समजूत आहे की रात्री येणारी ती घरघर पाण्याच्या पंपाची असते. ती तशीच राहिलेली बरी.

इतिहास थोडक्यात उरकतो. १९५१ मध्ये लिओ फेंडर यांनी अमेरिकेत प्रिसिजन बेस बाजारात आणला. त्याला चार तारा होत्या, ई, ए, डी, जी. कारण ज्या उभ्या, माणसाएवढ्या डबल बेसची जागा तो घेणार होता त्यालाही त्याच चार होत्या. सोय एवढीच की हा गळ्यात अडकवता येत होता आणि पडद्यांमुळे सूर चुकत नव्हता. पुढे सगळ्या जगानं चारच तारा धरल्या. आपल्याकडे संगीतकार पंचमच्या ताफ्यात टोनी वाझ बेस वाजवत. हिंदी गाणी ऐकणाऱ्या मराठी माणसाच्या कानात बेस म्हणून जे काही बसलं आहे ते बरंचसं तिथून आलेलं आहे. १९५६ मध्ये डॅनइलेक्ट्रोनं सहा तारांचा बेस काढला होता, पण तो म्हणजे साधी गिटारच, एक सप्तक खाली लावलेली. १९६५ मध्ये फेंडरनं पाचवी तार दिली, तीही वरच्या बाजूला. खाली उतरायचं कोणाच्या फारसं मनात नव्हतं.

ते आलं न्यूयॉर्कच्या अँथनी जॅक्सन यांच्या. त्यांचं म्हणणं असं की बेस हा गिटारच्याच घराण्यातला, घराण्यातल्या इतरांना सहा तारा असताना यालाच चार का? डबल बेसची नक्कल करायची म्हणून? १९७५ मध्ये कार्ल थॉम्पसन या कारागिराकडून त्यांनी सहा तारांचं वाद्य करून घेतलं. नेहमीच्या चार, त्यांच्या वर एक सी, आणि खाली बी. जॅक्सन त्याला कॉन्ट्राबास गिटार म्हणत. पहिल्या वाद्यात तारा फार जवळजवळ आल्या होत्या. मग दुसरे कारागीर, दुसरी वाद्यं, असं करत ते ब्रुकलिनच्या फोडेराकडे पोहोचले. तिथल्या वाद्याची तार ३६ इंच लांब, नेहमीपेक्षा दोन इंचांनी जास्त. जॅक्सन बसून वाजवायचे, अभिजात गिटारवादकासारखे, नोटेशन पुढ्यात ठेवून. आज सात, आठ, नऊ तारांचे बेसही मिळतात. त्यांतल्या काहींकडे बघून वाटतं की वाजवणाऱ्यापेक्षा सुताराची हौस मोठी.

मला गुंतवलं ते त्या खालच्या बीच्या तारेनं.

आपल्या हिशेबात सांगतो. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा षड्ज सेकंदाला साधारण १३९ कंपनांचा. पहाटे तो खर्ज भरायला बसतो तेव्हा मंद्र षड्जावर, ६९ वर येतो, आणि तिथे भल्याभल्यांचा आवाज विरतो. त्याखाली अजून एक सप्तक उतरलं की ३५. बीची तार त्याच्याही खाली, ३१ वर. पियानोच्या डावीकडच्या शेवटच्या पट्टीपेक्षा फक्त एक स्वर वर. माणसाचा कान २० च्या आसपास हात टेकतो.

आता ही तार बनवायची कशी? तारेचा सूर तीन गोष्टींनी खाली आणता येतो: लांबी वाढवा, ताण कमी करा, नाही तर वजन वाढवा. लांबी वाढवली तर डाव्या हाताची बोटं पुरत नाहीत. ताण कमी केला तर तार वाळत घातलेल्या दोरीसारखी झोके घेते आणि पडद्यांवर आपटून झणझणते. उरलं वजन. म्हणून पोलादाच्या गाभ्यावर तारेचेच थरावर थर गुंडाळत जायचं. आमच्या बेसवाल्याच्या संचातली बीची तार ३.३ मिलिमीटर जाड आहे. साध्या गिटारची सगळ्यांत बारीक तार पाव मिलिमीटरची असते. पण जाड तार ताठर होते, आणि ताठर तार तारेपेक्षा सळईसारखी वागायला लागते. तिचे वरचे स्वयंभू स्वर जिथे पडायला हवेत तिथून जरा चढे पडतात, आणि सूर भोंगळ लागतो. तिन्हीकडून तडजोड आहे. चांगल्या वाद्यात ही तडजोड ऐकू येत नाही, स्वस्त वाद्यात तीच तेवढी ऐकू येते.

त्यानं ती तार एकदा नुसती छेडून दाखवली. मी खोलीच्या मधोमध उभा होतो. आवाज आला, पण अपेक्षेइतका नाही. त्यानं मला कोपऱ्यात, कपाटाला टेकून उभं केलं आणि पुन्हा छेडली. कपाटातली भांडी बोलली, आणि माझ्या पाठीला कळलं. ३१ कंपनांची लाट हवेत ११ मीटर लांब असते. बारा फुटांच्या खोलीत ती पुरी मावत नाही, भिंतींशी आणि कोपऱ्यांत तिचा जोर होतो. मग त्यानं तोच स्वर ध्वनिमुद्रित करून मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरवर लावला. त्या स्पीकरातून ३१ निघणं शक्यच नाही. तरी ऐकू आला तो तोच स्वर! ६२, ९३, १२४ असे वरचे अंश कानावर पडले की खालचा मूळ स्वर मेंदू आपणच भरून काढतो.

एवढी खटपट करून ही तार तो वाजवतो किती? फार थोडी. दोन-अडीच तासांच्या तालमीत मोकळी बी मला मोजकीच ऐकू आली, तीही गाणं अंतऱ्यावरून मुखड्यावर येताना. बाकी वेळ तिच्यावर त्याचा उजवा अंगठा टेकलेला. मला वाटलं होतं ही विश्रांतीची जागा असेल. तसं नाही. वरच्या तारा छेडल्या की खालची आपोआप गुणगुणायला लागते. सतारीला आपण मुद्दाम तरफा बसवतो, त्यांच्या झंकारासाठी पैसे मोजतो. इथे तोच झंकार म्हणजे चिखल. म्हणून हात तारा चढतो तसा अंगठा मागे मागे सरकत जातो आणि सोडलेली प्रत्येक तार झाकत जातो, डाव्या हाताची मोकळी बोटं वरच्या तारा झाकतात. त्याच्या म्हणण्याप्रमाणे सहा तारांचा बेस शिकणं म्हणजे निम्मं वाजवणं आणि निम्मं गप्प बसवणं. मी त्या अंगठ्याकडेच पाहत राहिलो.

मग ओढ कशाची? मी हे त्याला फिरवून फिरवून विचारलं. त्याचं उत्तर ड्रॉइंग करणाऱ्या माणसाचं होतं. सगळ्या तारा एकमेकींपासून सारख्याच अंतरावर लावलेल्या, षड्ज-मध्यमाच्या. त्यामुळे एक आकृती बोटांत बसली की ती कुठेही जशीच्या तशी उचलून ठेवता येते. चार तारांवर ज्यासाठी हात लांबवर पळवावा लागतो ते इथे एका जागी बसून, आडवं जाऊन मिळतं. वरच्या सीमुळे दोन-तीन स्वरांचे गोड गुच्छ वाजवता येतात, एकट्यानं साथ आणि गाणं दोन्ही सांभाळता येतं. शेवटच्या पडद्यापर्यंत धरलं तर चार सप्तकं आणि वर अर्धा स्वर. आणि ईच्या खाली जमीन संपत नाही. चार तारांवर ई पट्टीतलं गाणं आलं की मोकळी ई हा तळ. त्याच्याखालून स्वर चढवत आणताच येत नाही. इथे येतो.

हे पटतं. पण मला त्याचं बोलणं ऐकताना पळस्पे आठवत होतं. बडोद्याला वीणेचं अप्रूप जुनं आहे: मौलाबक्ष इथे वीणा वाजवत, त्यांनी १८८६ मध्ये सयाजीरावांच्या आश्रयानं काढलेली गायनशाळा आज युनिव्हर्सिटीची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी आहे, आणि त्यांचे बडोद्यातच जन्मलेले नातू इनायत खान १९१० मध्ये वीणा घेऊन अमेरिकेला गेले. पण खर्जासाठी वाद्यच बदलण्यापर्यंत मजल गेली ती झिया मोहिउद्दीन डागर यांची. मुंबईत राहून, पुढे पनवेलजवळ पळस्प्याला गुरुकुल उभारून त्यांनी धृपद शिकवलं. त्यांनी कलकत्त्याच्या कनाईलाल यांच्याकडून रुद्रवीणेचे भोपळे मोठे करून घेतले, दांडी जाड केली, तारा जाड केल्या. वाद्य इतकं जड झालं की खांद्यावर धरायची बैठक सोडून ते मांडीवर आडवं आलं. मिजराब टाकून ते नुसत्या बोटांनी छेडत. खर्जात एक स्वर लावला की तो कितीतरी वेळ टिके आणि त्या एका स्वरात मींड काढायला जागा मिळे. जॅक्सन आणि डागर एकमेकांना ठाऊक असतील असं मुळीच नाही. दोघांनाही सारख्याच अडचणी आल्या: जाडी, वजन, बैठक. फरक एवढाच की डागरांच्या मागे आलाप होता, ज्यात खर्जासाठी तासभर राखून ठेवलेला असतो.

गरब्यात तो तास नाही.

मैदानावर ढोल असतो, ड्रमचा किक असतो, आणि दोघांची वस्ती ५० ते १०० कंपनांच्या दरम्यान. साउंडवाला काय करतो? त्याच्यासाठी ४० च्या खालचं सगळं म्हणजे स्पीकरला त्रास, वाऱ्याचा आणि स्टेजवरच्या पावलांचा गडगडाट. एक बटण दाबून तो ते कापून टाकतो. म्हणजे बीचा मूळ स्वर नऊच्या नऊ रात्री कोणाच्याही कानापर्यंत जात नाही; जातात ते वरचे अंश, आणि त्यावरून मेंदू काय समजायचं ते समजतो. चर्चमधल्या गायकवृंदाबरोबर वाजवायचं असेल तेव्हा तर तो चार तारांचाच नेतो. तिथल्या जुन्या मंडळींना फार काही केलेलं आवडत नाही.

वाद्य साडेपाच किलोचं आहे. रात्री चार तास उभं राहून डावा खांदा धरतो; पट्टा रुंद करून झाला, फिजिओथेरपिस्ट करून झाला. सहा तारांचा मिळून ताण शंभर किलोच्या घरात, तो नेक सतत पुढे ओढत असतो. आतली पोलादी सळई त्याला मागे धरते, पण पावसाळा लागला की लाकूड फुगतं, तारा पडद्यांपासून उचलल्या जातात, आणि जूनमध्ये एकदा व नवरात्रीआधी एकदा चावी घेऊन त्या सळईला पीळ देत बसावं लागतं. पाव फेरा जास्त झाला की बीची तार झणझणते. हे काम तो दुसऱ्या कोणाला करू देत नाही.

तारांचं तर विचारू नका. चारांचा संच शहरात मिळतो, सहांचा बाहेरून मागवावा लागतो, आणि महाग पडतो. म्हणून जुन्या तारा उतरवून, पातेल्यात उकळून, वेटोळ्यांत बसलेला घाम आणि मळ काढून पुन्हा चढवायच्या. आठवडाभर त्या नव्यासारख्या वाजतात. पातेलं आईनं स्वयंपाकघरातून कायमचं बाद केलंय.

हे सगळं तो हसून सांगतो. हसू मावळतं ते एका गोष्टीवर. कीबोर्डवाला आता डाव्या हातानं बेस वाजवतो. त्याच्या यंत्रात चार तारांचा, सहा तारांचा, डबल बेसचा, हवा तो आवाज भरलेला असतो, तो कधी उतरत नाही, त्याला पावसाळा लागत नाही, आणि कंत्राटदाराला एका माणसाची बिदागी वाचते. या वर्षीच्या बोलणीत कंत्राटदारानं त्याला विचारलं की ऑक्टोपॅड येतो का. येत असेल तर दोन्ही धर, नाहीतर बघू. तो सध्या रविवारी सकाळी ऑक्टोपॅडच्या क्लासला जातो.