रोहिणीविकाराचा प्रयोगशाळेतील मागोवा

हृदयविकाराचा झटका अचानक येतो. परंतु त्यामागील विकार अचानक उद्भवलेला नसतो. हृदयाला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्यांच्या अस्तराखाली कोलेस्टेरॉलयुक्त मेदाचे थर साचण्याची क्रिया अनेकदा तरुणपणीच सुरू होते आणि पुढे कित्येक वर्षे कोणतीही वेदना न देता चालू राहते. एखाद्या दिवशी असा थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी जमते, रक्तप्रवाह अडतो आणि हृदयाचा स्नायू निकामी होऊ लागतो. या विकारास रोहिणीविलेपविकार असे म्हणतात.

त्याच्या अभ्यासात एक मूलभूत अडचण आहे. जिवंत माणसाची रोहिणी दर महिन्याला उघडून पाहता येत नाही. शवविच्छेदनात विकाराची एकच अवस्था दिसते. त्या व्यक्तीतील त्याची वाटचाल दिसत नाही. हजारो लोकांची पाहणी केली तर धूम्रपान, रक्तदाब, मधुमेह व कोलेस्टेरॉल यांचा विकाराशी असलेला संबंध कळतो. परंतु माणसाच्या जीवनात ही सर्व कारणे एकमेकांत गुंतलेली असतात. त्यांतील एकच कारण वेगळे काढून तपासण्यासाठी शास्त्रज्ञांना माणसाऐवजी दुसऱ्या एखाद्या सजीवात किंवा काचपात्रात हा विकार घडवून आणावा लागतो. अशा पर्यायी रचनेला ‘प्रतिरूप’ म्हणतात.

सशाची साक्ष

या शोधाचा महत्त्वाचा टप्पा रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे १९१३ मध्ये गाठला गेला. निकोलाय अनिच्कोव्ह आणि सेमयोन खलातोव्ह यांनी शुद्ध कोलेस्टेरॉल सूर्यफुलाच्या तेलात विरघळवून सशांना खाऊ घातले. काही आठवड्यांनंतर सशांच्या महारोहिणीत मेदाचे थर दिसू लागले. थरांतील पेशी मेदाने इतक्या भरलेल्या होत्या की, सूक्ष्मदर्शकाखाली त्या फेसाळ दिसत. माणसाच्या रोगट रोहिणीतही अशाच पेशी आढळतात.

तरीही या प्रयोगाचे महत्त्व पुढे अनेक वर्षे पुरतेपणी मानले गेले नाही. तोच आहार उंदराला किंवा कुत्र्याला दिला असता विकार होत नसे. ससा हा शाकाहारी प्राणी. कोलेस्टेरॉल हे त्याचे अन्नच नव्हे. तेव्हा त्याच्यावरून माणसाबद्दल काय ठरवावे, असा आक्षेप घेण्यात आला. आक्षेप अगदीच निराधार नव्हता. मात्र उंदीर व कुत्रा जादा कोलेस्टेरॉलचे पित्तात रूपांतर करून ते सहज बाहेर टाकतात, म्हणून त्यांच्या रक्तात ते फारसे वाढत नाही, ही बाब त्या वेळी लक्षात आली नव्हती. प्रतिरूपाचा नकार हाही त्या प्राण्याच्या प्रकृतीनुसारच वाचावा लागतो.

उंदीर, कोंबडी आणि एक औषध

हाच धडा जपानमध्ये पुन्हा मिळाला. अकिरा एंडो यांनी कोलेस्टेरॉलची शरीरातील निर्मिती रोखणारा पदार्थ शोधण्यासाठी हजारो बुरश्यांची तपासणी केली. १९७३ मध्ये तांदळावर वाढणाऱ्या निळसर-हिरव्या बुरशीतून त्यांना असा पदार्थ मिळाला. काचपात्रातील चाचणी उत्तम ठरली. परंतु उंदरांना तो पदार्थ दिल्यावर त्यांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल कमी झालेच नाही. संशोधन तेथेच थांबण्याची वेळ आली होती.

त्यानंतर अंडी देणाऱ्या कोंबड्यांवर हा पदार्थ वापरून पाहण्यात आला. त्यांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल जवळजवळ निम्म्यावर आले. पुढे कुत्रे व माकडे यांतही तसाच परिणाम दिसला. उंदराचे यकृत औषधाला उत्तर म्हणून तेच विकर अधिक प्रमाणात तयार करते आणि औषधाचा परिणाम भरून काढते, हे नंतर उमगले. याच वर्गातील लोव्हास्टॅटिन या औषधाला १९८७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४,४४४ हृदयरुग्णांच्या चाचणीत सिम्व्हास्टॅटिनमुळे मृत्यूंचे प्रमाण ३० टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले. केवळ उंदरावर विसंबून राहिले असते, तर या औषधांची वाट तेथेच खुंटली असती.

त्याच काळात कोबे येथे योशिओ वातानाबे यांना १९७३ मध्ये एक वेगळा ससा आढळला. साधा आहार घेऊनही त्याच्या रक्तात कोलेस्टेरॉल अतिशय होते. त्याच्यापासून पैदा केलेल्या सशांमध्ये रक्तातील एलडीएल कण ओढून घेणारे यकृतावरील ग्राही सदोष असतात, हे पुढे सिद्ध झाले. काही मानवी कुटुंबांत आनुवंशिकतेने येणारा दोषही हाच होय. या ग्राहींचा शोध लावणारे मायकेल ब्राऊन व जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

जनुक बदललेला उंदीर

१९९२ मध्ये अमेरिकेतील दोन संशोधक गटांनी स्वतंत्रपणे असे उंदीर तयार केले की, ज्यांत अपोलिपोप्रोटीन-ई हे प्रथिन बनविणारे जनुक निष्क्रिय केलेले होते. हे प्रथिन रक्तातील मेदकण यकृताकडे नेण्यास मदत करते. ते नसल्याने साध्या खाद्यावरही या उंदरांच्या रोहिण्यांत काही महिन्यांत थर साचतात. उंदीर लहान, त्यांची पैदास जलद आणि खर्च कमी. त्यामुळे जगभरच्या प्रयोगशाळांत हेच प्रतिरूप रूढ झाले.

रोहिणीतील थर म्हणजे नळात साचलेला गाळ नव्हे, तर तेथे शरीराच्या संरक्षक पेशींचा दीर्घकाळ दाह चालू असतो, ही समजूत दृढ करण्यात या उंदरांचा मोठा वाटा आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, दहा हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत कोलेस्टेरॉल न घटविता केवळ दाह कमी करणाऱ्या औषधाने झटक्यांचे प्रमाण सुमारे १५ टक्क्यांनी कमी झाले. मात्र जीवघेण्या संसर्गाचे प्रमाणही वाढले. उंदराने दिशा दाखविली. तिची किंमत माणसातील चाचणीनेच कळली.

या उंदरांच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. त्यांच्यातील थर मुख्यत्वे महारोहिणीत साचतात, हृदयाच्या स्वतःच्या रोहिण्यांत फारसे नाहीत. आणि माणसात झटका आणणारी थर फुटण्याची घटना त्यांच्यात क्वचितच घडते. डुकराचे हृदय व रोहिण्या आकाराने माणसाशी मिळत्याजुळत्या असल्याने स्टेंटसारख्या साधनांची परीक्षा त्याच्यावर होते. तथापि त्याचा सांभाळ खर्चाचा व दीर्घ मुदतीचा असतो.

यशाचा भास

प्रतिरूप फसवे ठरल्यास काय घडते, याचे उदाहरण म्हणजे टॉर्सेट्रापिब हे औषध. ‘चांगले’ मानले जाणारे एचडीएल कोलेस्टेरॉल वाढविण्यासाठी ते तयार करण्यात आले. या मार्गाने काम करणाऱ्या पदार्थांनी सशांमधील थर कमी केले होते. परंतु सुमारे १५,००० रुग्णांवरील चाचणीत औषध घेणाऱ्यांमध्येच अधिक मृत्यू झाले आणि २००६ च्या डिसेंबरमध्ये ती थांबविण्यात आली. औषधाने एचडीएल वाढविले खरे. पण रक्तदाबही वाढविला.

काचपात्रातील माणूस

बाळाच्या नाळेतील रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशी प्रयोगशाळेत वाढविण्यात १९७३ च्या सुमारास यश आले. अशा पेशींवरून द्रव वाहू दिला असता, सुरळीत व एकदिशेच्या प्रवाहात त्या निरोगी राहतात आणि अस्थिर प्रवाहात दाहाची चिन्हे दाखवितात. थर रोहिणीच्या फाट्यांजवळच अधिक का साचतात, याचा त्यातून उलगडा झाला. आता मानवी पेशींपासून सूक्ष्म रक्तवाहिन्याही बनविल्या जातात. त्यांत यकृत, आतडे, वय व सवयी नसतात, ही त्यांची उणीव होय.

प्राण्यांचा वापर ही नैतिक जबाबदारीही आहे. पर्याय शोधावा, संख्या घटवावी, यातना कमी कराव्यात, ही त्रिसूत्री रसेल व बर्च यांनी १९५९ मध्ये मांडली. भारतात १९६० च्या प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाखाली आणि १९९८ च्या नियमांनुसार अशा प्रयोगांवर देखरेख केली जाते.

वाचकाने काय पाहावे?

‘उंदरांवर नवे औषध यशस्वी’ अशी बातमी वाचनात आली की, तीन प्रश्न विचारणे उचित ठरेल. प्रयोग कोणत्या प्राण्यावर झाला? विकाराचा कोणता भाग त्यात घडविला होता? आणि माणसांतील चाचणीत केवळ रक्तातील आकडा बदलला, की झटके व मृत्यू कमी झाले? वर्गात वा ग्रामसभेत आरोग्याविषयी बोलताना हे प्रश्न विद्यार्थ्यांना व ग्रामस्थांना सांगता येतील. त्यांची उत्तरे मिळेपर्यंत डॉक्टरांनी दिलेले औषध अशा बातमीवरून बंद करू नये अथवा बदलू नये. तंबाखू सोडणे आणि रक्तदाब व साखर नियमित तपासून घेणे यांचा लाभ प्रत्यक्ष माणसांच्याच पाहणीतून सिद्ध झालेला आहे. त्यासाठी कोणत्याही नव्या बातमीची वाट पाहण्याचे कारण नाही.