लॉनखालचा बिनभाड्याचा भाडेकरू

वीकेण्डची सकाळ. ऑफिसचं टेन्शन गेटबाहेर ठेवून तुम्ही चहाचा मग घेऊन लॉनवर येता. आणि काल रात्रीपर्यंत गालिच्यासारख्या दिसणाऱ्या हिरवळीच्या मधोमध भुसभुशीत मातीचा ढीग! शेजारी मूठ सहज जाईल एवढं भोक. दोन फुटांवर दुसरा ढीग. पाऊल टाकावं तर जमीन खाली खचते. रोपं, खत, माळी, पाणी असा सगळा खर्च करून वाढवलेल्या लॉनची एका रात्रीत चाळण.

नाशिककरांना हे नवीन नाही. गंगापूर रोड असो, महात्मानगर असो, इंदिरानगर असो की पाथर्डी फाटा, जिथे बंगले आणि रो हाउसेस आहेत आणि पुढे दहा बाय पंधराची का होईना बाग आहे, तिथे हा विषय कधी ना कधी निघतोच. मोगलांच्या काळात या शहराचं नावच गुलशनाबाद होतं. म्हणजे बागेची हौस आपल्याला जुनीच. आणि बागेखाली राहणाऱ्याची हौस त्याहून जुनी!

मग आपण काय करतो? अर्थातच सर्च मारतो. ‘लॉनमध्ये मातीचे ढीग’ असं इंग्रजीत टाइप केलं की स्क्रीनवर एकच नाव झळकतं : मोल. मखमली काळ्या अंगाचा, फावड्यासारख्या पंजांचा, जवळजवळ आंधळा प्राणी. सोबत उपायांची भलीमोठी यादी. एरंडेल तेल फवारा, जमिनीत थरथरणाऱ्या कांड्या रोवा, अमुक सापळा मागवा. गंगापूर रोडला आमच्या रो हाउसमध्ये बाबांनी ही यादी मनावर घेतली. पंधरा दिवस लॉनला एरंडेल पाजलं. लॉनचं पोट साफ झालं की नाही माहीत नाही, ढीग मात्र तीनाचे पाच झाले.

पाहुणा परदेशी, गुन्हेगार देशी

कारण सोपं आहे. मोल नावाचा प्राणी महाराष्ट्रात नाहीच! तो युरोप-अमेरिकेतला. भारतात त्याचे भाऊबंद हिमालयाच्या पूर्व भागात आणि ईशान्येकडे सापडतात, दख्खनच्या पठारावर नाही. इंग्लंडमध्ये मात्र या चिमुकल्यानं चक्क इतिहास घडवलाय. १७०२ मध्ये राजा तिसरा विल्यम याचा घोडा मोलच्या ढिगाऱ्याला अडखळला, राजा पडला, खांद्याजवळचं हाड मोडलं आणि त्याच आजारपणात तो गेला. राजाचे विरोधक मग ‘काळ्या मखमलीतल्या छोट्या साहेबां’च्या नावानं प्याले उंचावू लागले.

मोल खातो गांडुळं आणि किडे. त्याच्यावरचे सगळे उपाय हे लक्षात घेऊन काढलेत. आपल्या लॉनखाली राहणाऱ्याचा मेन्यू वेगळा, स्वभाव वेगळा, म्हणून औषधही वेगळं.

मग आपल्याकडे खोदतंय कोण? उत्तर तुमच्या आजीला विचारा, ती न बघता सांगेल. घूस!

घुशी आपल्याकडे दोन प्रकारच्या. मोठी घूस म्हणजे मांजराशी पंगा घेईल अशी, वजन किलोच्या आसपास. घराच्या जोत्याला आणि कंपाउंडच्या भिंतीला पोखरण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. लहान घूस पाव किलोच्या आगेमागे, पण खोदकामात तीही काही कमी नाही. बिळाच्या तोंडाशी मातीचा ढीग रचायचा आणि कधी कधी आतून मातीचं बूच लावून निवांत झोपायचं ही तिची खासियत. या ढिगांमुळेच इंग्रजीत तिला ‘इंडियन मोल रॅट’ म्हणतात. म्हणजे नावात मोल आहे, पण जात उंदराचीच. घुशीला इंग्रजीत बॅंडिकूट म्हणतात, तो शब्द तेलुगूतल्या ‘पंदिकोक्कु’वरून आलाय. अर्थ : डुकरासारखा उंदीर. चिडली की ती खरंच डुकरासारखी गुरगुरते. आणि हिंदीत घूस म्हणजे लाच! दोन्हींचं काम सारखंच. वरून सगळं हिरवंगार, आतून पोखरलेलं.

आधी ओळख परेड

लॉन खराब दिसलं की घुशीलाच धरायचं, हेही बरोबर नाही. बारीक गोळ्यांसारखी माती दिसली तर ती गांडुळांची, तिला हात लावू नका. गवत पिवळं पडून सतरंजीसारखं उचललं जात असेल तर खाली हुमणी असणार. ती मुळं खाते, बिळं करत नाही. आणि रात्री भिंतीच्या कडेनं ‘चिक चिक’ करत पळणारी, उग्र वासाची, लांब नाकाची ती चिचुंद्री. हिला लोक उंदीर समजून झाडूनं मारतात. प्रत्यक्षात मोलशी थोडंफार नातं असलंच तर ते हिचं, घुशीचं नाही. ती झुरळं आणि किडे खाते, म्हणजे फुकटात पेस्ट कंट्रोल करते. तिची पिल्लं एकमेकांच्या शेपटीकडचा भाग तोंडात धरून आईमागे आगगाडीसारखी जातात. एकदा बघा, झाडू उचलणार नाही.

मुठीएवढं भोक, शेजारी सैल मातीचा ढीग, कुरतडलेले कंद आणि मुळं, रात्री वाढणारं खोदकाम, एवढं जुळलं की मात्र घूस पक्की.

ती आपल्याकडेच का येते? गंगापूर रोड काय किंवा पाथर्डी काय, कालपरवापर्यंत ही शेतं होती. घूस तिथेच होती, आपण नंतर आलो. त्यात उन्हाळ्यात आजूबाजूची काळी माती दगडासारखी कडक होते आणि आपण लॉनला रोज पाणी घालून मऊ ठेवतो. खोदायला याहून सोपी जागा कुठली? शिवाय कंपोस्टचा उघडा खड्डा, कुत्र्याची रात्रभर भरलेली थाळी, पक्ष्यांसाठी टाकलेले दाणे. नाशिकमध्ये ‘लॉन्स’ म्हणजे लग्नाचं कार्यालय हाही अर्थ आहेच. मागच्या बाजूला असं कार्यालय असलं आणि उरलेली पंगत नाल्यात जात असली की बघायलाच नको.

गोळीचा मोह

आमच्या ओळीत बारा रो हाउसेस. एप्रिलमध्ये कंपाउंडच्या भिंतीला तडा दिसला आणि रविवारी तातडीची मीटिंग भरली. तिसऱ्या मिनिटाला ठराव आला : गोळ्या टाका, विषय संपवा.

हा मोह सगळ्यांनाच होतो. पण गोळ्यांचा हिशेब किती फसवा असतो याचं मराठी माणसाला वेगळं उदाहरण नको. मार्च २०१८ मध्ये एकनाथ खडसे यांनी विधानसभेत मंत्रालयातल्या उंदरांचा विषय काढला. सात दिवसांत ३ लाख १९ हजार ४०० उंदीर मारल्याचा तो आकडा राज्यभर गाजला. नंतर खुलासा झाला की हा आकडा उंदरांचा नाही, विषारी गोळ्यांचा आहे. गोळ्या मोजणं सोपं असतं. उंदीर कमी झाले का, हे मोजायचं राहूनच जातं. मुंबई महापालिकेचे कर्मचारी तर वर्षानुवर्षं रात्री काठी आणि टॉर्च घेऊन उंदीर मारत आलेत. मुंबईतले उंदीर संपले का?

संपत नाहीत, कारण घुशीचं गणित जबरदस्त आहे. साधारण तीन आठवड्यांचं गर्भारपण, एका वेळी पाच-दहा पिल्लं आणि तीनेक महिन्यांत ती पिल्लंही पुढच्या पिढीला तयार. खाणं शिल्लक असेल तर रिकामं झालेलं बीळ फार दिवस रिकामं राहत नाही.

घूस बिचकीही असते. उंदीरवर्गातल्या प्राण्यांना उलटी करता येत नाही. त्यामुळे नवं खाणं आधी चिमूटभर चाखायचं आणि पोट दुखलं तर पुन्हा शिवायचं नाही, हा त्यांचा फंडा. झिंक फॉस्फाइडसारखं झटपट विष म्हणूनच फसतं. ब्रोमॅडिओलोनसारखं सावकाश काम करणारं, रक्त गोठू न देणारं विष घूस खाते, पण मरायला काही दिवस घेते. त्या दिवसांत ती सुस्तावून उघड्यावर फिरते आणि तिला खाणाऱ्या गव्हाणी घुबडाच्या किंवा धामणीच्या पोटात तेच विष जातं. म्हणजे आपले फुकटचे रखवालदार आपणच मारायचे.

सगळ्यात भयंकर म्हणजे धान्यात ठेवतात त्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या. ओल लागली की त्यातून फॉस्फिन वायू सुटतो. बिळाचं एक तोंड लॉनमध्ये असेल, दुसरं कुणाच्या तरी बेडरूमच्या फरशीखाली. या वायूवर उतारा नाही, आणि घरात ठेवलेल्या अशा गोळ्यांनी माणसं दगावलेली आहेत. म्हणूनच त्या तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच वापरायच्या, घरच्या घरी नाही, असा नियम आहे. ‘ओळखीच्या दुकानातून आणतो’ म्हणणाऱ्याला तिथेच थांबवा.

आमच्या मीटिंगमध्ये थांबवलं ते सात नंबरच्या ताईंनी. आयटीतली नोकरी, घरात पावणेदोन वर्षांचा मुलगा, दिसेल ते तोंडात घालणारा. त्यांनी शांतपणे एवढंच विचारलं, ‘‘गोळ्या टाकल्यावर मेलेली घूस आणि उरलेल्या गोळ्या सकाळी सहाला कोण शोधणार?’’ बारा घरांतून एकही हात वर झाला नाही.

आधी मोजा, मग मारा

मग ठरलं ते असं. पहिल्या संध्याकाळी सगळी बिळं ओल्या मातीनं बुजवायची. सकाळी जी उघडलेली दिसतील तीच नांदती. शेतकरी हीच युक्ती वापरतात. आमच्याकडे बुजवली एकोणीस, उघडली सात. म्हणजे निम्म्याहून जास्त बिळं रिकामीच होती. लहान घुशीच्या एका बिळात बहुधा एकच मोठी घूस राहते, पिल्लं असली तर आईसोबत. एकोणीस ढिगांनी घाबरलेली मंडळी सातवर आली आणि मीटिंगचा आवाजही खाली आला.

दुसरं काम खाणं बंद करण्याचं. इथे खरी अडचण होती. चार नंबरचे काका रोज संध्याकाळी अंगणात कबुतरांना ज्वारी टाकतात. गोळ्यांचा आग्रह सगळ्यात जास्त त्यांचाच होता! पण दाण्यांचं नाव निघालं आणि ते गप्प झाले. ही सवय काकूंची. काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या, काका ती चालवतात. ‘‘बंद करा,’’ असं त्यांना म्हणायची कुणाची हिंमत नव्हती. आई त्यांच्याकडे चहाला गेली. कबुतरं संध्याकाळी जेमतेम चार दाणे खातात, बाकीचे घूस खाते, एवढंच बोलली. आता ज्वारी सकाळी पडते, टांगलेल्या थाळीत, आणि दहाला थाळी आत जाते.

कंपोस्टला झाकण आणि तळाला जाळी आली. कुत्र्याची थाळी रात्री उचलली जाऊ लागली. घंटागाडीची पिशवी आदल्या रात्री गेटवर टांगणं बंद झालं. जुन्या फरश्या, नारळाच्या करवंट्या, फुटक्या कुंड्या गेल्या. ड्रेनेजच्या तोंडांना लोखंडी जाळ्या बसल्या. तडा गेलेल्या भिंतीच्या कडेनं दीड फूट खोल चर खणून अर्ध्या इंचाची तारेची जाळी उभी पुरली, खालचं टोक बाहेरच्या बाजूला वळवून.

शेवटी पिंजरे. नेहमीचा उंदराचा पिंजरा घुशीला खेळण्यासारखा, मोठाच हवा. पहिले दोन-तीन दिवस सापळा न लावता आत नुसतं भजं किंवा सुकट ठेवायचं, तिला सवय होऊ द्यायची. मग लावायचा. तीन घुशी सापडल्या. त्या परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्यानं नेल्या. दुसऱ्याच्या शेतात सोडून येणं म्हणजे आपलं दुखणं त्याच्या गळ्यात मारणं. ते कुणी करू नये.

हेही लक्षात ठेवा

• बिळात पाइप घालून पाणी सोडू नका. घूस उत्तम पोहते. खचते ती तुमची भिंत.

• मिरचीची धुरी दिली तर घूस बाहेर पडते, पण खाणं असेल तर परत येते.

• बीळ किंवा पिंजरा हाताळताना हातमोजे आणि बूट घाला. उंदीर-घुशींच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईनं तो अनुभवलाय. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात अनवाणी बागकाम नको.

• विष वापरायचंच झालं तर परवानाधारक माणसाकडून, कुलूपबंद पेटीत. आणि उरलेलं उचलणार कोण, हे आधी ठरवून.

• घुबड दिसलं तर अपशकुन म्हणून हाकलू नका. मलेशियातल्या पाम तेलाच्या मळ्यांत उंदरांसाठी घुबडांना मुद्दाम लाकडी पेट्या बसवून देतात. आपल्याकडेही २०१८ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पिंगोरीत इला फाउंडेशननं घुबडांचा महोत्सव भरवला होता. धामण बिनविषारी आहे, आणि घुबड-धामण दोघांनाही वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे.

महिन्यानं आम्ही पुन्हा बिळं बुजवली. सातपैकी उघडली दोन. दोन्ही शेवटच्या घराला लागून असलेल्या रिकाम्या प्लॉटच्या कडेला, जिथे गुडघाभर गवत आहे आणि येणारे-जाणारे कचरा फेकतात. प्लॉटचा मालक बाहेरगावी असतो. चार नंबरच्या काकांनी त्याचा फोन नंबर मिळवलाय आणि पुढच्या रविवारच्या मीटिंगला त्याला बोलावलंय. घूस काही सातबारा बघून बीळ करत नाही. तेव्हा कंपाउंडच्या आत कितीही लखलखाट केला, तरी हे काम भिंतीपलीकडच्या माणसाशी बोलल्याशिवाय पुरं होत नाही.