माजघरातील उजेड : वास्तूच्या अंतर्भागाच्या संगणकीय चित्रणाविषयी

वास्तूची त्रिमिती प्रतिकृती संगणकावर सिद्ध झाली म्हणजे तिच्या अंतर्भागाचे वास्तव चित्र आपोआप हाती येते, असा नवशिक्या अभ्यासकाचा समज असतो. परंतु प्रतिकृती केवळ आकार व मापे सांगते; उजेड कोठून येतो आणि कोठे विरतो, हे ती सांगत नाही. अशा चित्रास व्यवसायात ‘रेंडर’ म्हणतात. ते शिकणे म्हणजे मुख्यतः उजेडाचा हिशेब शिकणे होय, हे येथे एका उदाहरणाने दाखवावयाचे आहे.

रायगड जिल्ह्यातील बोर्ली पंचतन परिसरातील जुन्या धाटणीचे कौलारू घर घेऊ. पुढे ओटी, मध्ये माजघर, कडेला उतरत्या छपराची पडवी व मागे नारळी-पोफळीची वाडी. येथील अक्षांश सुमारे १८ अंश उत्तर असल्याने मेच्या मध्यास मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ माथ्यावर येतो. छपराच्या उताराखाली दडलेल्या माजघरात त्या वेळी थेट ऊन शिरत नाही. तेथे पोहोचतो तो अंगणावरून व ओटीच्या भिंतींवरून परतलेला उजेड, आणि काचेच्या कौलातून उतरलेला एखादा कवडसा.

समजा, या कवडशातून जमिनीवर १०० भाग उजेड पडतो. शेणाने सारवलेली जमीन त्यातील १५ भाग परत करते व पांढरी फरशी ६० भाग, असे मानू. प्रतिकृतीतील एकही रेषा न बदलता पहिल्याच परावर्तनात चौपट अंतर पडले. हा परतलेला उजेड भिंतींवर, तेथून आढ्यावर व पुन्हा जमिनीवर जातो आणि प्रत्येक टप्प्यास क्षीण होतो. पृष्ठांमधील या देवघेवीचे गणित १९८४ साली कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी संगणकीय चित्रणात आणले. १९८६ साली जेम्स कजिया यांनी त्यास व्यापक समीकरणाचे रूप दिले. कॉर्नेल येथे तर खरी पेटी बांधून तिच्याशी संगणकीय चित्राची तुलनाही करण्यात आली.

यादृच्छिक किरणांचा मागोवा घेऊन हे समीकरण सोडविताना चित्रावर रवाळपणा उमटतो. तो निम्मा करावयाचा तर किरणांची संख्या चौपट करावी लागते. अंधाऱ्या माजघरात ही प्रतीक्षा असह्य होऊन विद्यार्थी एखादा अदृश्य दिवा लावून मोकळा होतो. चित्र देखणे होते. मात्र ते त्या घराचे राहत नाही.

हा दोष केवळ शास्त्रीय नव्हे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन तालुक्यातील घरांची व बागायतींची मोठी हानी केली. अशा आपत्तीनंतर घर दुरुस्त करावे की पाडून नवे बांधावे, हा प्रश्न कुटुंबापुढे उभा राहतो, आणि त्या निर्णयात असे चित्र पुरावा म्हणून पुढे येऊ शकते. जुने माजघर मुद्दाम काळे व नियोजित दालन खोट्या दिव्याने उजळ दाखविले, तर चित्राने निवाडा आधीच दिला असे होईल. एक काचेचे कौल वाढविल्याने किती फरक पडेल, हे प्रामाणिक चित्र सांगू शकते.

म्हणून अभ्यासकाने प्रथम प्रत्यक्ष माजघरात उभे राहावे. वेळ, आकाशाची स्थिती व दाराखिडक्यांची उघडझाप टिपावी. ज्ञात परावर्तनाचा करडा पुठ्ठा ठेवून छायाचित्र घ्यावे आणि त्याच वेळेचे रेंडर त्याशेजारी ठेवून पाहावे. दोहोंतील जो फरक उरेल, तोच त्याचा पुढील पाठ होय.