परिचर्या संशोधनातील परिकल्पना आणि चुकण्याची तयारी

परिचर्या संशोधनावरील पाठ्यपुस्तकांत परिकल्पनेची व्याख्या बहुधा एका वाक्यात उरकलेली असते: दोन किंवा अधिक चलांमधील अपेक्षित संबंधाविषयीचे, पडताळून पाहता येईल असे विधान म्हणजे परिकल्पना. व्याख्येत खोट नाही. पण पडताळणीची वाट मोकळी ठेवणे म्हणजे विधान खोटे ठरण्याची वाटही मोकळी ठेवणे, ही तिच्यातील अवघड अट सहसा वाचून सोडून दिली जाते. ‘काळजी चांगली घेतली तर रुग्ण लवकर बरा होतो’ हे विधान कोणीच नाकारणार नाही, आणि नेमके म्हणूनच ते परिकल्पना म्हणून निरुपयोगी आहे. कारण ‘चांगली’ म्हणजे कशी आणि ‘लवकर’ म्हणजे किती दिवसांत, हे ठरलेले नसल्यामुळे कोणताही निष्कर्ष त्यात बसवता येतो. याउलट, शस्त्रक्रियेपूर्वी परिचारिकेने श्वसनाचे व्यायाम शिकवलेल्या रुग्णांत, ते न शिकवलेल्या रुग्णांच्या तुलनेत, पुढच्या सात दिवसांत न्यूमोनियाचे प्रमाण कमी राहील, असे म्हटले की विधान अंगावर येते. यातील व्यायाम शिकवणे हा स्वतंत्र चल, म्हणजे संशोधक ज्यात बदल करतो तो घटक, न्यूमोनिया हा आश्रित चल, म्हणजे ज्यावर परिणाम मोजायचा तो घटक. आणि फरक कोणत्या बाजूला पडेल हेही सांगितलेले असल्याने ही दिशादर्शक परिकल्पना होय.

संख्याशास्त्रीय चाचणी मात्र या विधानाची नसून त्याच्या विरोधी विधानाची होते. दोन गटांत काहीही फरक नाही असे गृहीत धरणाऱ्या या विधानाला शून्य परिकल्पना म्हणतात. ही संज्ञा रोनाल्ड फिशर यांच्या १९३५ मधील ग्रंथाने रूढ केली. हाती आलेला फरक, किंवा त्याहून मोठा फरक, शून्य परिकल्पना खरी असताना केवळ योगायोगाने दिसण्याची शक्यता शंभरात पाचांहून कमी असेल, तर ती फेटाळण्याचा संकेत आहे. प्रबंधांत हमखास आढळणाऱ्या ०.०५ या आकड्याचा अर्थ एवढाच. परिकल्पना ९५ टक्के खरी असल्याचा तो दाखला नव्हे, जरी मौखिक परीक्षेत तसे उत्तर सर्रास दिले जाते. शून्य परिकल्पना खरी असताना फेटाळली गेली तर ती पहिल्या प्रकारची चूक, आणि खोटी असूनही फेटाळता आली नाही तर ती दुसऱ्या प्रकारची. रुग्णसंख्या अपुरी असलेल्या अभ्यासांत दुसरी चूक अधिक संभवते.

परिकल्पनेची उलटी मांडणी कशी उपयोगी पडते, हे सलाईनसाठी हाताच्या शिरेत बसवल्या जाणाऱ्या प्लास्टिकच्या नळीच्या, म्हणजे वॉर्डातल्या भाषेत इंट्राकॅथच्या, उदाहरणात चांगले दिसते. ही नळी दर तीन-चार दिवसांनी बदलावी, नाहीतर शिरेचा दाह होतो, असा दंडक अनेक देशांत वर्षानुवर्षे पाळला जात होता. नळी नीट चालू असली तरी ती काढायची आणि रुग्णाला पुन्हा टोचायचे. ऑस्ट्रेलियातील परिचारिका-संशोधक क्लेअर रिकार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्वीन्सलंडमधील तीन रुग्णालयांत ३,२८३ रुग्णांवर याची परीक्षा घेतली आणि २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांना नवी पद्धत सरस ठरवायची नव्हती. लक्षण दिसेल तेव्हाच नळी बदलणे आणि ठरल्या दिवशी बदलणे या दोन्ही पद्धती दाहाच्या बाबतीत सारख्याच आहेत, हे दाखवायचे होते. अशा समतुल्यता चाचणीत शून्य परिकल्पना उलट धरावी लागते, म्हणजे ‘दोन्हींत अर्थपूर्ण फरक आहे’ अशी, आणि किती फरक झाला तर तो अर्थपूर्ण मानायचा हे आधीच जाहीर करावे लागते. येथे ती मर्यादा ३ टक्के ठरवली होती. दाहाचे प्रमाण दोन्ही गटांत सुमारे ७ टक्के आले आणि फरकाचा संभाव्य पल्लाही ठरवलेल्या मर्यादेत राहिला. फरक सिद्ध झाला नाही म्हणून दोन्ही सारखे, असा सैल निष्कर्ष काढण्यापेक्षा ही वाट कितीतरी प्रामाणिक आहे.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला दर दोन तासांनी कुशीवर वळवण्याचा नियम परिचर्येत जवळजवळ धर्मनियमासारखा मानला जातो. अमेरिका आणि कॅनडातील वृद्धाश्रय-शुश्रूषागृहांत झालेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन, तीन आणि चार तासांचे अंतर तीन आठवडे तपासले गेले. ९४२ रहिवाशांपैकी १९ जणांनाच बेडसोर झाले आणि तिन्ही गटांत संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र हे सर्वजण उच्च घनतेच्या फोमच्या गादीवर होते. साध्या कापसाच्या वा काथ्याच्या गादीवर झोपलेल्या रुग्णाला चार तास एकाच कुशीवर ठेवण्याची मुभा हा अभ्यास देत नाही. परिकल्पना ज्या परिस्थितीत तपासली गेली त्या परिस्थितीपुरतीच ती बोलते.

सगळ्याच परिकल्पना प्रयोगाने तपासता येत नाहीत. लिंडा एकेन यांच्या २००२ मधील पेनसिल्व्हानियातील १६८ रुग्णालयांच्या अभ्यासात, प्रत्येक परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाच्या तीस दिवसांतील मृत्यूची जोखीम (काटेकोरपणे, मृत्यू होण्या-न होण्याचे गुणोत्तर) ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. ही सहसंबंधाची परिकल्पना होय. दोन गोष्टी एकत्र वाढतात एवढेच ती सांगते, एक दुसरीमुळे वाढते हे नाही. तरीही तिचे वजन कमी लेखू नये, कारण रुग्ण मुद्दाम परिचारिकांविना ठेवून पाहण्याचा प्रयोग कोणतीही नीतिसमिती मान्य करणार नाही. आणि कर्करोगाच्या रुग्णाच्या आईला वॉर्डात रात्र काढताना काय वाटते, अशा गुणात्मक अभ्यासात परिकल्पना नसतेच. तेथे ती ओढून-ताणून घुसडणे ही पद्धतशास्त्रीय चूक ठरते.

भारतातील पदव्युत्तर परिचर्या प्रबंधांत एक साचा इतका स्थिरावला आहे की केवळ शीर्षकावरून निष्कर्ष ओळखता यावा. एखाद्या विषयाच्या ज्ञानाची प्रश्नावली भरून घ्यायची, नियोजित अध्यापन कार्यक्रम राबवायचा, आठवड्याने तीच प्रश्नावली पुन्हा द्यायची, आणि ‘पूर्वचाचणी व उत्तरचाचणीच्या सरासरी गुणांत लक्षणीय फरक असेल’ ही परिकल्पना मान्य झाल्याचे जाहीर करायचे. ज्याला नुकतेच शिकवले त्याला त्याच प्रश्नांची उत्तरे अधिक येणार, यात तपासण्यासारखे फारसे उरत नाही. तुलनेसाठी नियंत्रण गटही अनेकदा नसतो. त्याऐवजी मधुमेही रुग्णांना पायाची निगा शिकवल्यावर सहा महिन्यांनी त्यांच्या पायावरील जखमा खरोखर कमी झाल्या का, असे विचारले तर परिकल्पना पडण्याची भीती निर्माण होते, आणि अभ्यास करण्याचे कारणही. अडचण अशी की पडलेली परिकल्पना म्हणजे फसलेला प्रबंध, अशी धास्ती विद्यार्थिनींच्या मनात असते आणि ती निराधार नसते. मार्गदर्शकांनी आणि परीक्षकांनी रुग्णसंख्या, मापन आणि मांडणी काटेकोर असलेल्या प्रबंधाला, ‘शून्य परिकल्पना फेटाळता आली नाही’ या निष्कर्षासह, पूर्ण गुण द्यावेत; ही सुधारणा करण्यासाठी कोणत्याही निधीची वा शासन निर्णयाची गरज नाही.