अन्नपूर्णेच्या वाटेवर

तुम्ही शाळेच्या सहलीला गेला असाल. डबा खाल्ला असेल, फोटो काढले असतील आणि संध्याकाळी घरी परत आला असाल. पण ज्या गावात सहल गेली, त्या गावाला तुमच्या येण्याने काय मिळाले, याचा विचार तुम्ही कधी केला आहे का? काही देशांतील कॉलेजचे विद्यार्थी हाच प्रश्न घेऊन परदेशात जातात. अशा सहलीला अभ्याससहल म्हणतात. चला, आपणही नेपाळमधील अशाच एका गावी जाऊ या.

नेपाळमध्ये अन्नपूर्णा नावाचे ८,०९१ मीटर उंचीचे हिमशिखर आहे. त्याच्या दक्षिणेस डोंगरउतारावर घान्द्रुक हे गाव आहे. येथे मुख्यतः गुरुंग लोक राहतात. त्यांची घरे दगडाची आणि शेते पायऱ्यापायऱ्यांची असतात.

१९५० च्या सुमारास नेपाळने परदेशी प्रवाशांसाठी आपली दारे उघडली. पुढे अन्नपूर्णेच्या वाटेवर पायी फिरणाऱ्यांची गर्दी वाढली. जागोजागी चहाची दुकाने आणि लॉज उभे राहिले. गावात पैसा आला. पण नुकसानही झाले. पाहुण्यांचा स्वयंपाक करण्यासाठी आणि आंघोळीचे पाणी तापवण्यासाठी झाडे तुटू लागली. वाटेवर कचरा साचला. पाहुणा चार दिवसांनी निघून जाई. उघडा डोंगर मात्र गावकऱ्यांच्या वाट्याला येई.

यावर उपाय म्हणून १९८६ साली घान्द्रुक येथे अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्र प्रकल्प सुरू झाला. आज हे क्षेत्र ७,६२९ चौरस किलोमीटर आहे. जंगल वाचवण्यासाठी येथील गावकऱ्यांना हलवले नाही. उलट, जंगल राखण्याच्या कामात त्यांच्याच समित्यांना सामील करून घेतले. पाहुण्यांकडून प्रवेशशुल्क घेतले जाते. ते याच भागातील जंगल आणि गावे यांच्यासाठी वापरले जाते. छोमरोंग गावाच्या वरच्या वाटेवर सरपण जाळण्यास मनाई झाली आणि रॉकेलची सोय करण्यात आली. गावोगावी स्त्रियांचे गट आहेत. त्यांना ‘आमा समूह’ म्हणतात. आमा म्हणजे आई. हे गट गावाच्या स्वच्छतेसारखी कामे करतात.

मग विद्यार्थ्यांचे येथे काय काम? ते गावातील घरी मुक्काम करतात आणि घरच्या माणसांना प्रश्न विचारतात. पाहुण्याने जेवणाचे पैसे दिले, तर त्यांतले गावात किती राहतात? बटाटे गावच्या शेतातले असतील, तर पैसा गावात राहतो. पाण्याची बाटली शहरातून आली असेल, तर पैसा शहरात परत जातो. रिकामी बाटली तेवढी गावात उरते! विद्यार्थी असा हिशेब मांडतात, वाटांचे नकाशे काढतात आणि ते गावाच्या समितीला दाखवतात. काय बदलायचे, हे समिती ठरवते.

डोंगरातील साहसात धोकाही असतो. याच भागात थोरोंग ला ही ५,४१६ मीटर उंचीची खिंड आहे. ऑक्टोबर २०१४ मध्ये तिच्या परिसरात मोठे हिमवादळ झाले आणि ४० हून अधिक माणसे मरण पावली. म्हणून हवामानाची सूचना वेळेवर मिळणे आणि वाटाड्या चांगला शिकलेला असणे फार आवश्यक आहे. वाटाड्याने “आज पुढे जायचे नाही” असे म्हटले, तर कॉलेजच्या हुशार विद्यार्थ्यानेही थांबलेच पाहिजे. डोंगराच्या शाळेत वाटाड्या हाच शिक्षक असतो.

मित्रांनो, मदत करण्याची इच्छा चांगलीच असते. पण न विचारता केलेली मदत कधी कधी ओझे होते. समजा, पाहुण्या मुलांनी हौसेने शाळेची भिंत रंगवली. गावातल्या रंगाऱ्याला त्या कामाची मजुरी मिळाली असती, ती बुडाली. म्हणून आधी विचारावे, मग ऐकावे आणि त्यानंतरच कामाला हात लावावा.

पुढची सहल कोठेही जावो, निघताना स्वतःला एक प्रश्न विचारा : “आपण येऊन गेलो, याचा या गावाला आनंद होईल का?”