दोनदा उमटलेलं १९५५

अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया टांकसाळीत १९५५ साली लिंकनच्या एक सेंट नाण्याचा एक ठसा चुकला. त्या काळी पोलादी ठशावर मूळ साच्याने एकदा दाबून भागत नसे. एकदा दाबायचं, ठसा तापवून मऊ करायचा, पुन्हा दाबायचं. दुसऱ्या वेळी ठसा किंचित फिरलेला राहिला आणि साल व अक्षरं दुहेरी कोरली गेली. गंमत म्हणजे लिंकनचा चेहरा जवळपास तसाच राहिला, कारण फिरकीचा फरक कडेलाच जास्त जाणवतो.

या ठशाची वीस हजारांहून अधिक नाणी चांगल्या नाण्यांत मिसळून बाहेर गेली. यंत्रातून मिळणाऱ्या सिगारेटच्या पाकिटांत सुट्टे पैसे म्हणून घातलेल्या सेंटमध्येही ती लोकांना सापडली.

नवख्या संग्राहकाची फसगत होते ती इथे: नाणं पाडताना सैल ठसा हलला, तरी दुहेरीपणा येतो. पण तो सपाट, पायरीसारखा असतो आणि अक्षर त्यात दबून बारीक होतं. खऱ्या दुहेरी ठशात दोन्ही अक्षरं गोलसर, उठावदार असतात आणि टोकांशी खाच दिसते. भिंगाशिवाय पैसे मोजू नयेत.